आतली नावं

"मिरजेत सतारी कोण बनवतं?" शौकतभाईंनी आमच्या दुकानाच्या उंबऱ्यावर उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात फोनवरच्या वाटाड्याला विचारलं.

"याबद्दल विश्वासार्ह माहिती उपलब्ध नाही," वाटाड्यानं अतिशय नम्रपणे सांगितलं.

त्या वेळी तारगल्लीत दारोदार भोपळे वाळत पडले होते. समोरच्या घरात कुणी तरी खुंटी पिळत पिळत एकच तार पुन्हा पुन्हा छेडत होतं. आमच्या पलीकडच्या घरात रंधा चालू होता. आणि एवढं सगळं असून आम्ही नव्हतो.

"ऐकलंस तस्लीम?" शौकतभाई म्हणाले. "परवापर्यंत गल्लीतल्या घराघराची नावं घेत होता की हा. आज म्हणतोय, उपलब्ध न्हाई. मग मी कोण? भूत हाय का मी?"

मी त्यांना म्हटलं, बसा, चहा घ्या. वरून मी अगदी शांत होते. पण काय झालंय ते मला त्यांच्या आधी कळलं होतं. गल्लीची साइट मी बनवली होती.

ज्यांनी तरुणपणी शोधयंत्रावर निळ्या ओळींची यादी बघितली असेल, त्यांना हा प्रकार समजावून सांगावा लागतो. त्या यंत्रांचं गणित साधं होतं. एका पानानं दुसऱ्या पानाकडे बोट दाखवलं, म्हणजे दुवा दिला, की ते एक मत धरलं जायचं. ज्याला मतं जास्त, तो यादीत वर. आता मतं आली म्हणजे बोगस मतदानही आलंच. लोक पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत दुवे लिहायला लागले. पूर्णविरामाच्या ठिपक्यात दुवे दडवायला लागले. वाचणाऱ्याला काही दिसायचं नाही, यंत्र मात्र भाबडेपणानं मोजत बसायचं. पुढे यंत्रं शहाणी झाली आणि अशा पानांना दंड करून यादीत खाली ढकलू लागली.

वाटाड्या हा त्या यंत्रांचा नातू. तो प्रत्येक पान दोनदा वाचतो, एकदा माणसाच्या डोळ्यानं आणि एकदा आतून. दोन्ही वाचनं जुळली तर ठीक. फरक निघाला तर तो फरक कशासाठी ठेवलाय हे तो मोजतो. याला हेतूमापन म्हणतात, आणि याच्या जोरावर त्यानं बाकीच्या सगळ्यांचं दुकान बंद पाडलं. तो यादी देत नाही. कानात एकच उत्तर सांगतो, आणि जग त्या उत्तरावर चालतं. गोची अशी की एकाच उत्तरात खाली ढकलायला जागा नसते. ज्याला दंड झाला, तो नसतोच. लोक त्याला अज्ञातवास म्हणतात. तो दुव्यांवरून पसरतोही. ज्याच्याकडे लपून बोट दाखवलं, त्याच्यावरही संशय. म्हणून माझ्या एका पानानं अख्खी तारगल्ली पुसली गेली.

हो, ते पांढरे दुवे मीच टाकले होते. आणि ते टाकताना आपण काही वावगं करतोय असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

आमच्या गल्लीत सतारीवर बाहेरून एकच नाव असतं, दुकानाचं. पण सतार एकट्याची नसते. भोपळा एकजण निवडतो, दांडी दुसरा कोरतो, नक्षी तिसरा काढतो, तारा चौथा चढवतो. म्हणून भोपळ्यावर तबली, म्हणजे वरची लाकडी पाटी, चिकटवण्याआधी तिच्या आतल्या बाजूला खिळ्याच्या टोकानं सगळ्यांची नावं कोरायची. मग सरस लावायचा आणि तबली बसवायची. नावं आत जातात. गिऱ्हाइकाला ती कधीच दिसत नाहीत, वाजवणाऱ्यालाही नाही. कधी तरी सतार फुटली आणि कुणी दुरुस्तीला उघडली, तर त्याला दिसतील. आमच्याकडे हे कुणी कुणाला शिकवत नाही, सगळे करतात म्हणून आपण करायचं.

साइट तयार झाली तेव्हा माझा हात आपोआप तिकडेच गेला. वर दुकानांची नावं, फोटो, सतारींचे आवाज. आणि पानाच्या आत, पांढऱ्यावर पांढरं, गल्लीतल्या साऱ्या कारागिरांची नावं. हयात असलेल्यांची आणि गेलेल्यांचीही. प्रत्येक नावापासून त्याच्या घराच्या पानाकडे एक दुवा. नावं कोरल्याशिवाय वस्तू बंद कशी करायची?

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली आणि आमच्या दारात माणसं जमली. पावसाळा संपत आला होता. याच दिवसांत जगभरातून विचारणा येते, हिवाळ्यातल्या मैफिलींसाठी वाद्यं ठरतात. ती विचारणा आता कुठे जाणार, हे सांगायला वाटाड्याची गरज नव्हती. कारखान्यातल्या, साच्यातून काढलेल्या सतारींचं नाव तो आनंदानं घेत होता.

"कबुली दे आणि मोकळी हो," शौकतभाई म्हणाले. "दोन वाक्यं बोलायची. आठवड्यात सगळं पहिल्यासारखं."

पहिल्यासारखं होणार नव्हतं, ते मला माहीत होतं. वाटाड्याला कबुली तोंडी द्यावी लागते. मी फसवण्याच्या हेतूनं अमुक नावं लपवली, ती काढून टाकत आहे, असं. दंड उठतो, पण त्यानंतर तुमच्याबद्दलच्या प्रत्येक उत्तराला एक शेपूट लागतं: या कारागिरांनी पूर्वी फसवणूक कबूल केली आहे. कायमचं. गंमत म्हणजे कबुली खरी की खोटी, हे कुणी तपासत नाही. तपासतात ते नाही म्हणणाऱ्यांना. त्यांना सुनावणी मिळते, एकदाच. तिथं आवाजावरून हेतू मोजला जातो. हरलात तर अज्ञातवास कधीच उठत नाही, तुमचाही आणि जोडलेल्या घरांचाही.

"सुनावणी मागू या," मी म्हटलं.

"तुझ्या अब्रूपायी आमची चूल विझवतीस काय?" शौकतभाई खवळले. त्यांचा राग मला समजत होता. मला माझाच राग येत होता.

दस्तगीरचाचा हातातलं काम चालू ठेवून हे सगळं ऐकत होते. अब्बा गेले तेव्हा मी शाळेत जायच्याही वयाची नव्हते. मला चाचांनीच वाढवलं. गल्लीत त्यांच्यासारखी जवारी कुणी काढत नाही. सतारीचा सूर जिथून फुलतो, ती तारांखालची घोडी घासून त्या सुराला आणणं म्हणजे जवारी. मी लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून ते बघितलंय, चोरून हातही घातलाय. पण मी कानस उचलली की ते म्हणायचे, "ठेव ती. बायकांचं काम न्हवं हे. तू तुझं ते काम्प्युटर बघ." म्हणून मी काम्प्युटर बघितला. साइट ही माझी सतार होती, आणि ती अशी वाजली.

"कबुली दे," चाचा म्हणाले. "गल्लीचं वाटोळं नको."

त्यांनी सांगितल्यावर विषय संपला. सगळ्यांच्या देखत मी कानातलं यंत्र चालू केलं आणि वाटाड्यानं पुढे केलेली वाक्यं मोठ्यानं म्हणायला लागले. "मी, तस्लीम, कबूल करते की पुढील नावं मी फसवणुकीच्या हेतूनं लपवली. बाबालाल. इमामसाब. मीरासाहेब..."

"थांब," चाचा म्हणाले.

मी थांबले.

"मीरासाहेब म्हणजे माझा बाप."

"हो चाचा. यादीत आजोबांचं नाव आहे."

"माझ्या बापाचं नाव फसवणूक?" ते उठून उभे राहिले. एवढ्या वर्षांत मी चाचांना आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "ज्या माणसानं आयुष्यात कुणाला लाकडाची जात खोटी सांगितली न्हाई, त्याचं नाव घेऊन म्हणायचं फसवणूक? बंद कर ते! सुनावणी घे. आणि शौकत, तुझ्या बापाचं नाव पण हाय त्या यादीत. तुला चालतंय काय?"

शौकतभाईंना चाललं नाही. ते चहाचा कप ठेवून खाली बसले. मला रडू आलं आणि मी ते कुणापासून लपवलं नाही.

सुनावणीत नुसतं बोलून भागणार नव्हतं. ही रीत वाटाड्याच्या आधीपासूनची आहे, हे दाखवायला हवं होतं. म्हणजे जुन्या सतारींच्या आतली नावं दाखवायला हवी होती, आणि त्यासाठी सतारी फोडाव्या लागल्या असत्या. चाचा त्याला तयार होणं शक्य नव्हतं, आणि खरं तर मीही नव्हते. पण मिरजेत राहण्याचा एक फायदा आहे. इथं दोन दुकानं सोडून एक दवाखाना लागतो.

माझी वर्गमैत्रीण समिधा उपाध्ये स्कॅन सेंटर चालवते. मी तिला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली, आणि मग म्हणाली, "घेऊन ये पेशंट."

मी तीन सतारी निवडल्या होत्या. एक आजोबांच्या काळची, एक अब्बांच्या वेळची, आणि तिसरी, साइट निघण्याच्या बऱ्याच आधी चाचांनी बनवून कधीच न विकलेली, दुकानात भिंतीला टांगलेली. पहिल्या दोन चाचांनी लगेच काढून दिल्या. तिसरीला हात लावला तर म्हणाले, "ती कशाला? ती ऱ्हाऊ दे."

"चाचा, मधला काळ नको का दाखवायला?"

"दुसरी घे एखादी."

"दुसऱ्या सगळ्या विकल्या गेल्यात. हीच आहे."

चाचांनी ती सतार भिंतीवरून काढली, धुळीचा एक कण नसताना पुसली, आणि स्वतःच गोधडीत गुंडाळली. रिक्षातही मांडीवर त्यांनीच धरली.

स्कॅन सेंटरमध्ये पाठदुखीच्या रांगेत आम्ही तीन सतारी घेऊन बसलो. शेजारच्या आजींनी विचारलं, "काय झालंय हिला?" चाचांनी अगदी गंभीरपणे सांगितलं, "आतलं बघायचंय." आजींनी सहानुभूतीनं मान हलवली.

यंत्राच्या गोल तोंडातून सतार आत सरकली. पडद्यावर भोपळ्याचे काप दिसू लागले, कांद्याच्या चकत्यांसारखे, एकामागून एक. तबलीच्या आतल्या बाजूला बारीक रेघोट्या होत्या, पण त्यातून अक्षर काही लागत नव्हतं.

"माझ्या यंत्राला हाडं कळतात गं, अक्षरं नाही," समिधा म्हणाली. "प्रत्येक कापात रेघेचा एकेक तुकडाच येतोय. हे सगळे काप एकावर एक रचून वाचायला मोठं यंत्र पाहिजे."

असं यंत्र मला एकच माहीत होतं, आणि त्यानंच आम्हाला दंड केला होता. तिन्ही सतारींचे कच्चे काप मी जसेच्या तसे पुराव्यात जोडून पाठवले. आत काय लिहिलंय हे मला स्वतःला ठाऊक नव्हतं. लाकडाच्या नुसत्या शिराही निघाल्या असत्या.

सुनावणी दुकानातच झाली. पडद्यावर अधिकारी होत्या, मृदुला खांडेपारकर नावाच्या, चष्मा कपाळावर ढकलायची सवय असलेल्या बाई. प्रश्न वाटाड्या विचारणार आणि शेवटचा निर्णय त्या देणार, अशी पद्धत. गल्ली सगळी दारात उभी होती. चाचा त्यांच्या जागेवर, कानस हातात घेऊन, काम करत असल्यासारखे बसले होते.

"ही नावं माणसांना दिसू नयेत अशी व्यवस्था तुम्ही जाणूनबुजून केलीत का?" वाटाड्यानं विचारलं.

"हो."

दारात कुणी तरी हळहळलं. खांडेपारकर बाईंनी चष्मा वर ढकलला.

"या दुव्यांमुळे जोडलेल्या घरांचं महत्त्व वाढेल, याची तुम्हाला कल्पना होती का?"

"महत्त्व कसलं वाढणार? त्यातली निम्मी माणसं कबरस्तानात आहेत. ती ऑर्डर घेत नाहीत."

बाई हसल्या. वाटाड्या अर्थातच हसला नाही. "मग पानाच्या तळाशी काळ्या अक्षरांत का लिहिली नाहीत?"

या प्रश्नाचा मी पुष्कळ विचार केला होता. "सतारीवर बाहेर जे नाव असतं ते गिऱ्हाइकासाठी असतं," मी म्हटलं. "आतली नावं गिऱ्हाइकासाठी नसतात. उद्या कुणी ती उघडून दुरुस्त करायला बसेल, त्याच्यासाठी असतात. यावर कुणाकुणाचा हात फिरलाय हे त्याला कळावं, आणि त्यानं जपून काम करावं, एवढंच. साइटही उद्या कुणी तरी उघडेल, दुरुस्त करेल. त्याच्यासाठी मी आत नावं लिहिली. आणि तुम्ही पानं आतून वाचता. म्हणजे तुम्हीही उघडणाऱ्यांतलेच. ती नावं तुमच्यापासून लपवलेली नव्हतीच, तुमच्यासाठीच होती."

वाटाड्या पुराव्याकडे वळला.

"तुम्ही दिलेले काप मी एकत्र रचले आहेत," तो म्हणाला. "पहिलं वाद्य. तबलीच्या आत अक्षरं आहेत. बाबालाल. इमामसाब. मीरासाहेब."

चाचांच्या हातातली कानस थांबली. दारातून कुणी तरी "या अल्ला" म्हणालं. शौकतभाईंनी टोपी काढून हातात घेतली.

"दुसरं वाद्य. मीरासाहेब. दस्तगीर. रसूल. हुसेन." रसूल म्हणजे माझे अब्बा. हुसेन म्हणजे शौकतभाईंचे वडील. एका यंत्राच्या तोंडून अब्बांचं नाव ऐकताना मला त्यांचा चेहरा आठवेना, फक्त सरसाचा वास आठवला.

"तिसरं वाद्य," वाटाड्या म्हणाला. "दस्तगीर. हुसेन. शौकत. तस्लीम."

"काय?" मी म्हणाले.

"तस्लीम. चौथं नाव. अक्षर पहिल्या नावाच्याच हाताचं आहे."

मी चाचांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते घोडी घासत होते आणि तिच्यावर एकही तार नव्हती.

"चाचा? माझं नाव?"

"त्या सतारीची घोडी तूच घासली होतीस," ते खाली बघूनच पुटपुटले. "शाळेतनं येऊन. मला कळलं न्हाई असं वाटलं व्हय तुला? ज्यानं काम केलं त्याचं नाव जातंय आत. मग लिवलं."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"आतलं नाव बोलायचं नसतंय."

तोंडावर ओढणी धरून मी सगळ्यांसमोर हमसून रडले, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

"निरीक्षण नोंदवतो," वाटाड्या म्हणाला. "अर्जदाराच्या आवाजातलं आश्चर्य खरं आहे. चौथं नाव ज्या व्यक्तीचं आहे, तिलाच ते माहीत नव्हतं. या लपवण्यातून कुणाला लाभ झालेला नाही. फसवणुकीच्या हेतूचं माप शून्य येतं. मात्र माझ्याकडे या प्रकाराला नाव नाही. माझ्या नियमांत लपवलेली गोष्ट एकाच प्रकारची आहे."

खांडेपारकर बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "मग नियमच अपुरा आहे," त्या म्हणाल्या. "दंड रद्द. शेपूट नाही, कबुली नाही. आणि नियमात आजच एक प्रश्न वाढवा: लपवलंय ते कुणासाठी?"

दारातला जमाव जो ओरडला, तो स्टेशनपर्यंत ऐकू गेला असेल. शौकतभाईंनी मला उचलायचंच बाकी ठेवलं. कुणी तरी पेढे आणले, कुणी जिलेबी आणली, आणि समोरच्या घरात जो तरुण वादक सतार घ्यायला आला होता तो, ती अजून नीट लागलेली नसताना, तिथंच वाजवायला बसला. "विचारा की आता!" शौकतभाई ओरडले, आणि स्वतःच विचारलं, "मिरजेत सतारी कोण बनवतं?"

वाटाड्या घराघराची नावं घेत गेला. लोकांनी प्रत्येक नावाला टाळ्या वाजवल्या.

नियमात वाढवलेल्या त्या एका प्रश्नानं आमच्याबरोबर आणखी किती जण परत आले, ते नंतर समजलं. कुठल्याशा विणकरांच्या गावानं साइटच्या किनारीत आपल्या आज्यांची नावं विणली होती. एका ओतकामाच्या कारखान्यानं घंटांच्या पानात साचे करणाऱ्यांची नावं दडवली होती. सगळे अज्ञातवासात होते आणि बिचाऱ्यांनी कबुली द्यायचं नाकारलं होतं. बोगस दुवेवाले मात्र आजही तिथंच आहेत. लपवलंय ते कुणासाठी, याचं उत्तर त्यांना अजून देता आलेलं नाही.

विचारणा पुन्हा येऊ लागल्या, इतक्या की गल्लीला भोपळे पुरेनात. आमच्याकडे पहिली सतार ठरली ती परदेशातल्या एका बाईंची. दांडी शौकतभाईंनी कोरली, नक्षी त्यांच्या भावानं काढली. एके दिवशी दुपारी मी पडद्यावर काम करत बसले होते, तर चाचांनी हाक मारली. घोडी आणि कानस माझ्यापुढे सरकवली. त्या घोडीवर मी तो आठवडा घालवला. ती भिंतीवरच्या सतारीला लावून बघत चाचा तीन वेळा "अजून" म्हणाले, आणि चौथ्यांदा काहीच म्हणाले नाहीत.

तबली चिकटवायची वेळ आली. सरस गरम झाला होता. चाचांनी तबली उलटी करून मांडीवर घेतली, खिळ्यानं आपलं नाव कोरलं, शौकतभाईंचं कोरलं, त्यांच्या भावाचं कोरलं. मग खिळा माझ्या हातात दिला.

"तुझं तू लिव आता," ते म्हणाले. "माझं अक्षर काय चांगलं न्हाई."

मी लिहिलं. चाचांनी ते एकदा वाचलं, कडेनं सरस लावला आणि तबली बसवली.